खाटेवरचं मरण

स्कारांच्या घरात माणूस खाटेवर मरत नाही, असं आमच्या खोऱ्यात म्हणत. म्हणणाऱ्याच्या मनात काही वाकडं नसे. चर्चच्या तळघरात कॉफी पिताना कुणाच्या शेतात दगड फार, कुणाच्या विहिरीचं पाणी गोड, अशा गोष्टी निघत, त्यातलीच ही एक.

पहिला स्कार नॉर्वेहून आला तेव्हा विस्कॉन्सिनमधली सपाट जमीन जर्मनांनी घेऊन झाली होती. उरला होता तो हा डोंगराळ कोपरा. दोन्हीकडे उतार, मध्ये ओढा, आणि खोरं इतकं अरुंद की हिवाळ्यात ऊन तळाला पोचेपर्यंत दुपारच होते. त्याला म्हणे ते मायदेशासारखं वाटलं. त्यानं विहीर खणायला घेतली आणि कड ढासळून विहिरीतच गेला. त्याचा मुलगा ओकचं झाड पाडताना त्याच झाडाखाली सापडला. नातू एडविन उतारावर गवत कापत होता, ट्रॅक्टर उलटला. तिघांच्याही शवपेट्या झाकण लावूनच चर्चमध्ये आणाव्या लागल्या.

रग्ना ही एडविनची थोरली मुलगी. तिच्या पाठीवर बऱ्याच वर्षांनी सेल्मर झाला. बाप गेला तेव्हा रग्ना पंचविशीत होती आणि सेल्मर अजून शाळेत. भाऊ हाताशी येईपर्यंत शेत तिनं ओढलं. नांगरणी, धारा, अडलेलं वासरू दोरी लावून बाहेर काढणं, सगळं. मग सेल्मर मोठा झाला आणि शेत त्याच्या नावावर झालं. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. शेत मुलाचं, माडीवरची खोली मुलीची, तिचं लग्न होईपर्यंत. रग्नाचं लग्न झालं नाही. एकदा कुणीतरी विचारायला आला होता म्हणतात. ते गवत वाळवायचे दिवस होते.

उंच, खांद्यानं रुंद, पायात पुरुषी बूट. चर्चमध्ये मागच्या बाकावर बसायची आणि गाताना तिचा आवाज खालून, जमिनीतून आल्यासारखा यायचा. एरवी तो फारसा ऐकू येत नसे.

सेल्मरनं पलीकडच्या खोऱ्यातून आर्डिसला लग्न करून आणलं. आर्डिस बुटकी, चपळ. धुळीचा कण दिसला की तिला चैन पडत नसे. एका घरात दोन बायका म्हटल्यावर लोकांनी कान टवकारले. पण आर्डिसनं स्वयंपाकघर घेतलं, रग्नानं गोठा, आणि मधल्या अंगणात दोघी एकमेकींना वाट देत राहिल्या. भांडण कधी झालं नाही. आमच्याकडे भांडत नाहीत. फार झालं तर भांडी जरा जोरात घासतात.

त्यांना एकच मुलगा झाला, ओरिन.

सेल्मर चव्वेचाळीसचा असताना मोठा दुष्काळ पडला. त्या उन्हाळ्यात ओढ्यात नुसते दगड उरले. मका कमरेएवढा होऊन थांबला, पानं सुरळ्या होऊन वाळायला लागली. कणसं धरायची आशा सोडून सगळ्यांनी तो तसाच हिरवा कापायला घेतला, मुरघासासाठी, म्हणजे आंबवून साठवायच्या चाऱ्यासाठी.

आमच्याकडे मुरघास मनोऱ्यात भरतात. गोठ्याला लागून काँक्रीटचा उंच, गोल मनोरा असतो. त्याच्या पायथ्याशी ट्रॅक्टरवर चालणारा पंखा. तो कापलेला मका लोखंडी नळीतून वर फेकतो आणि मका मनोऱ्यात पडतो. मनोऱ्याच्या अंगाला चिकटून एक बंद उभा बोळ वर जातो, त्यात शिडी. भरणी झाली की दुसऱ्या दिवशी कुणीतरी त्या शिडीनं वर जायचं, आत उतरायचं, ढीग सारखा करायचा, पायांनी तुडवायचा आणि वर प्लॅस्टिक अंथरून यायचं. हे काम घरच्या कर्त्यानं करायचं असतं. गड्याला सांगत नाहीत. का, ते कुणाला विचारलं तर म्हणतात, गायींचं हिवाळ्याचं ताट आहे ते, त्यावर घरधन्याचेच पाय पडले पाहिजेत.

दुष्काळात खुरटलेला मका धाटात काहीतरी साठवून ठेवतो. तो आंबायला लागला की त्यातून जड, तपकिरी, विषारी वायू निघतो आणि मुरघासावर तळ्यासारखा साचून राहतो. त्या वर्षी दुपारच्या बाजारभावानंतर रेडिओवर हे सांगितलंही होतं. सेल्मर तेव्हा जेवत होता.

"या रेडिओवाल्याला गाय कुठल्या बाजूनं दुभते ते तरी ठाऊक आहे का?" तो म्हणाला आणि त्यानं आणखी बटाटे वाढून घेतले.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो वर गेला. खाली आला तेव्हा डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि खोकला थांबत नव्हता. रग्ना गोठ्यात गव्हाणी झाडत होती.

"वर आर्डिसच्या धुण्याचा वास सुटलाय," तो म्हणाला. "ती पांढऱ्या कपड्यांना ब्लीच घालते ना, तसा."

रग्नानं बोळाच्या दाराशी जाऊन पाहिलं. शिडीच्या पायऱ्यांवरून काहीतरी पिवळसर तपकिरी हळूहळू खाली उतरत होतं. धुरासारखं, पण धूर वर जातो. खाली जमिनीवर चिमण्या पडल्या होत्या.

"डॉक्टरकडे चल," ती म्हणाली.

"धारांची वेळ झालीय."

"मी काढते धारा."

"सगळ्या? एकटी?"

"पूर्वी काढल्यात."

"पूर्वी गायी किती होत्या, रग्ना? आणि तू किती वर्षांची होतीस?" त्याला हसू आलं आणि हसण्याचा खोकला झाला. "आधी गायी. मग जाऊ."

आमच्याकडे असंच असतं. बाळंतपणाच्या कळा आलेली बाईसुद्धा धारा होईपर्यंत थांबलेली आहे. तटलेल्या कासेनं गाय ओरडत असताना माणूस गाडीत बसून शहरात जातो, हे दृश्यच कुणाला डोळ्यांपुढे आणता येत नाही. सेल्मरनं धारा काढल्या. शेवटी शेवटी तो प्रत्येक गायीपाशी जरा टेकून उभा राहत होता. घरात आला, बरं वाटतंय म्हणाला, थोडं सूपही प्यायला. पहाटे गेला. ओठ निळे पडले होते.

म्हातारे डॉक्टर सकाळी आले तेव्हा आर्डिस दारातच उभी होती. "छातीत दुखतंय म्हणाला," ती म्हणाली, "आणि गेला." यात खोटं काहीच नव्हतं. डॉक्टरांनी मान हलवली, हार्ट, असं म्हणाले, आणि टोपी काढून थोडा वेळ उभे राहिले.

ते गेल्यावर आर्डिसनं फावडं घेतलं, गोठ्यात गेली आणि बोळातल्या चिमण्या भरून उकिरड्यावर टाकून आली. मग तिनं हात धुतले. रग्ना स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून होती.

"तो खाटेवर गेला, रग्ना," आर्डिस म्हणाली. "स्कारांच्यातला पहिला."

"आर्डिस, तो त्या मनोऱ्यातल्या—"

"ओरिन विशीचा आहे. ला क्रॉसला कारखान्यात जायचं घेऊन बसलाय गेल्या हिवाळ्यापासून. त्याला तू जाऊन सांगणार, या शेतानं तुझा बापही खाल्ला म्हणून?"

रग्नानं टेबलावरची कपबशी लांब सारली.

"हार्ट सगळ्यांनाच असतं," आर्डिस म्हणाली. "बँकेतल्या साहेबालाही असतं. त्याला शेताचा दोष नाही लागत."

"पण उद्या तो वर चढेल तेव्हा?"

"तेव्हा तू आहेस ना."

आर्डिसचे हात ओलेच होते. ती ते पुसायचं विसरली होती. घरात अशी गोष्ट पहिल्यांदाच घडत होती. रग्ना तिच्याकडे बघत राहिली. माडीवरची खोली रग्नाची होती, पण जिना आर्डिसच्या घरातून जात होता. आणि समोरची बाई त्याच सकाळी विधवा झाली होती. रग्नानं मान हलवली. तिनं होकार दिला की नुसतं ऐकलं एवढंच सांगितलं, हे तिचं तिलाही पुढे ठरवता आलं नाही.

सेल्मरची शवपेटी चर्चमध्ये उघडी ठेवली होती. लोक ओळीनं जाऊन चेहरा बघून आले. शांत दिसतो, म्हणाले.

ओरिन ला क्रॉसला गेला नाही. बाप असा एकाएकी गेलेला, आई आणि आत्या मागे, कोण जाईल? त्यानं शेत अंगावर घेतलं. धारा काढायला आता आर्डिसही गोठ्यात येऊ लागली.

आणि रग्ना पंखा चालवू लागली. दर वर्षी भरणीच्या दुसऱ्या दिवशी ओरिन वर जायच्या आधी ती ट्रॅक्टर सुरू करून रिकामा पंखा फिरवत बसायची. मनोऱ्यात खालून ताजी हवा कोंबत राहिलं की वायू हटतो, हे तिनं कुठूनतरी ऐकून ठेवलं होतं. ओरिननं कारण विचारलं की म्हणायची, नळीत मका अडकलाय, खडखडतंय. पुढच्या वर्षी म्हणायची, पाती साफ करून ठेवते. त्याच्या पुढच्या वर्षी नुसतंच म्हणायची, "कॉफी पिऊन घे आधी, आर्डिसनं केक केलाय." खोऱ्यात हा थट्टेचा विषय झाला. पामर एंगन, म्हणजे माझे आजोबा, त्यांचं शेत शेजारीच. त्यांना थट्टेला विषय लागायचाच.

"म्हातारपणी नवरा सापडला एकदाचा," ते कुंपणावरून ओरडायचे. "आवाज मोठा आहे त्याचा, पण माणूस कामाचा दिसतोय!"

"तुझ्यापेक्षा कामाचा आहे," रग्ना म्हणायची. "आणि बंद करता येतो."

बरी वर्षं होती ती, पावसाची. मका उंच वाढत होता.

पण ओरिनच्या अंगात दुसरंच काहीतरी वाढत होतं. ते आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. गवताचे गठ्ठे चढवताना मध्येच थांबून तो मनगट धरायचा. दुधाचे कॅन उचलताना श्वास मोजल्यासारखा घ्यायचा. एकदा शहरातल्या नव्या डॉक्टरकडे पायाच्या जखमेला टाके घालायला गेला, तर त्यांनी सवयीनं विचारलं, वडील आहेत का? हार्टनं गेले, चव्वेचाळीसचे होते, हा म्हणाला. डॉक्टरांनी वर पाहिलं आणि जरा जपून राहायला सांगितलं. घरी आल्यावर जेवताना ओरिननं ते हसत हसत सांगितलं.

"म्हणजे मला अजून बराच वेळ आहे," तो म्हणाला.

आर्डिसनं त्याच्या ताटात लोणी लावलेली लेफ्सा, बटाट्याची पातळ पोळी, ठेवली. "गरम आहे तोवर खा," म्हणाली.

लव्हॉन ही त्याची मैत्रीण. चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची, मोठ्यानं हसायची, आणि स्कारांच्या अंगणात गाडी लावताना दर वेळी आर्डिसच्या फुलांवर चाक घालायची. आर्डिसला ती आवडायची, म्हणजे फुलांबद्दल ती बोलायची नाही. लग्न ठरल्यातच जमा होतं. मग एका वसंतात लव्हॉन आली, आणि दोघं अंगणात सफरचंदाच्या झाडाखाली बराच वेळ उभी राहिली. गोठ्याच्या दारातून रग्नाला ऐकू येत होतं.

"मला दुसरी कोणी आहे म्हण," लव्हॉन म्हणत होती. "तसं म्हण, मी जाते. पण हे काय कारण झालं?"

"माझ्या आईकडे बघ," ओरिन म्हणाला. "तुला तसं करून जायचं नाहीये मला. पदरात पोरं घेऊन."

"आणि तू ऐंशी वर्षांचा झालास तर? तर मी काय करायचं, ओरिन? तेव्हा येऊ का?"

ती रडत गाडीत बसली आणि त्या दिवशी मात्र फुलं चुकवून गेली. आर्डिस स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी होती. रग्ना दारात. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. रग्नानं एक पाऊल पुढे टाकलं, इतकं तिला आठवत होतं. आर्डिसनं पडदा सरळ केला. आत गोठ्यात एक गाय व्यायला झाली होती. रग्ना वळून आत गेली.

लव्हॉननं पुढे दूध न्यायला येणाऱ्या टँकरच्या ड्रायव्हरशी लग्न केलं. भला माणूस होता. दिवसाआड स्कारांच्या दारात यायचा, दूध भरेपर्यंत ओरिनशी हवामानाचं बोलायचा. काही वर्षांनी त्याच्या शेजारच्या सीटवर कधी कधी एक लहान मुलगी बसलेली असायची. तिचं हसू मोठं होतं.

मग पुन्हा तसला उन्हाळा आला. सेल्मरच्या वेळेपेक्षाही वाईट. जूनमध्येच कुरणं पिवळी पडली, चर्चमध्ये पावसासाठी वेगळी प्रार्थना झाली, आणि मका गुडघ्याच्या वर जेमतेम येऊन थांबला. रग्ना तेव्हा पासष्टीला आली होती. ती रोज संध्याकाळी शेताच्या कडेला जाऊन उभी राहायची. लोकांना वाटायचं, पावसाची वाट बघतेय.

ऑगस्टच्या शेवटी ओरिननं मका कापला आणि मनोरा भरला. अर्धाच भरला. त्याच संध्याकाळी पामर आजोबा ट्रॅक्टर घेऊन आले आणि पंखा जोडायला लागले.

"हे काय करतोयस?" रग्ना धावतच आली.

"आमच्या पंख्याचा कणा मोडलाय. ओरिन म्हणाला, घेऊन जा."

"परवा ने."

"उद्या सकाळी माझी माणसं येतायत, रग्ना. मका उभ्यानं जळतोय."

"उद्या दुपारी ने मग."

आजोबांनी टोपी मागे सारली. "अगं, दोन दिवसांत परत आणून देतो. तुझ्या नवऱ्याला पळवून नेत नाहीये मी."

तिच्याकडे सांगायला कारण नव्हतं. होतं ते सांगण्यासारखं नव्हतं. पंखा डोलत डोलत चढावरून गेला. आजोबा सांगायचे, वळणावर मागे बघितलं तर ती तशीच उभी होती, आणि त्यांना वाटलं, म्हातारीनं थट्टा मनाला लावून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओरिन खांद्यावर प्लॅस्टिकची गुंडाळी आणि हातात लांब दांड्याचा काटा घेऊन गोठ्यात आला. रग्ना बोळाच्या दाराला पाठ लावून उभी होती.

"सरक, आत्या."

"आज नको जाऊस."

"का?"

"पंखा नाहीये."

तो हसला. "नळीत मका अडकलाय का? का पाती साफ करायचीत?"

"पुढच्या महिन्यात जा. तोवर राहू दे तसाच."

"वरचा सगळा सडून जाईल. आहे तोच अर्धा मनोरा आहे, हिवाळ्यात गायींना काय घालू? प्रार्थना?" त्यानं तिला हळूच बाजूला केलं. ती पासष्टीची होती, बाजूला झाली. त्यानं दार उघडलं आणि शिडीच्या दांड्यावर हात ठेवला.

"तुझा बाप हार्टनं नाही गेला," रग्ना म्हणाली.

त्याचा पाय पहिल्या पायरीवर होता. तो तिथेच राहिला.

"इथून उतरला तो. हे असंच वर्ष होतं. तपकिरी काहीतरी खाली येत होतं पायऱ्यांवरून, खाली चिमण्या मरून पडल्या होत्या. डॉक्टरकडे चल म्हटलं तर धारा काढत बसला. त्याचं हार्ट चांगलं होतं, ओरिन. बैलासारखं होतं."

ओरिन पायरीवरून उतरला. दारापासून लांब झाला. काटा त्यानं भिंतीला नीट टेकवून ठेवला. तेवढ्यात आर्डिस कॉफीचा थर्मास घेऊन आत आली, आणि त्या दोघांच्या चेहऱ्यांकडे बघून दारातच थांबली.

"आई," ओरिन म्हणाला, "खरं आहे हे?"

आर्डिसनं रग्नाकडे पाहिलं. "तो खाटेवर गेला," ती म्हणाली. "त्याच्या स्वतःच्या खाटेवर."

"ते नाही विचारलं मी."

"तू निघून गेला असतास."

"ते नाही विचारलं."

"विशीचा होतास तू. तुला या जागेची भीती बसली असती. तुझ्या मनात भीती नको होती मला, एवढंच बघितलं मी. एवढंच."

एक गाय साखळी ओढत होती, तिचा आवाज येत राहिला.

"लव्हॉन इथं अंगणात रडत होती," ओरिन म्हणाला. "तू खिडकीत उभी होतीस."

"मला नव्हतं वाटलं तू इतकं धरून बसशील. नवी भेटेल म्हटलं. पोरं विसरतात."

"मी रोज रात्री छातीवर हात ठेवून झोपतो, आई. बारा वर्षं."

आर्डिसनं थर्मास खाली ठेवला. मग तो परत उचलला, झाकण घट्ट केलं, परत ठेवला. ओरिन रग्नाकडे वळला.

"आणि तू?"

रग्नाच्या तोंडाशी पुष्कळ काही होतं. खोली, जिना, ती सकाळ, आर्डिसचे ओले हात. एका शेतात जन्म काढून स्वतःचं असं एक दारही नसणं. त्यातलं काहीच तिला त्याच्यापुढे ठेवण्याजोगं वाटलं नाही.

"मी पंखा चालवत होते," ती म्हणाली. "दर वर्षी चालवत होते, ओरिन."

त्यानं मान हलवली, एखाद्या परक्या माणसानं रस्ता सांगितल्यावर हलवावी तशी. आणि तो बाहेर गेला.

वर कुणी गेलं नाही. मुरघासाचा वरचा थर सडला, तो त्यानं पुढे हिवाळ्यात उपसून फेकला.

संध्याकाळी पाच वाजता तो गोठ्यात आला. गायी कुणासाठी थांबत नाहीत. गोठ्यात गायींची एकच लांब ओळ. एका टोकानं तो सुरू करायचा, दुसऱ्या टोकानं आर्डिस, आणि दोघं मध्ये भेटायची. भेटली की आर्डिस म्हणायची, झालं एकदाचं, आणि तो तिच्या हातातलं भांडं घ्यायचा. त्या संध्याकाळी तो एक गाय सोडून थांबला. भांडं उचललं आणि गेला. मधली गाय दोघांकडे आळीपाळीनं बघत उभी. आर्डिस तिच्याकडे गेली नाही. शेवटी रग्नानं तिची धार काढली.

हे पुढे रोजचं झालं. ओरिन ला क्रॉसला गेला नाही. बत्तिशीत, हातात गायींशिवाय दुसरं काही नसताना कुठे जाणार? आईशी तो बोलत नव्हता असं नाही. मीठ दे म्हणायचा. चर्चला जायला गाडी काढायचा, बर्फ असला तर तिला दंडाला धरून उतरवायचा. लोक म्हणत, आईची किती काळजी घेतो. आर्डिस फार वर्षं जगली नाही. तीही खाटेवर गेली. शेवटचे दोन आठवडे ओरिननं तिचं सगळं केलं, अगदी अंग पुसण्यापर्यंत, आणि त्यातल्या एकाही दिवशी तो तिच्याशी गरजेपेक्षा जास्त एक शब्द बोलला नाही. शेवटी शेवटी आर्डिस रग्नाला म्हणाली, "तू सांग ना त्याला, मी का केलं ते." रग्ना म्हणाली, "त्याला माहीत आहे, आर्डिस." आणि तिचे ओठ ओल्या कापडानं पुसले.

रग्नाशीही तो तसाच वागला. वाईट वागला नाही. तिची खोली तिचीच राहिली, वर चढवेनासं झालं तेव्हा त्यानं खाली तिच्यासाठी वेगळी खोली बांधून दिली, खिडकी गोठ्याकडे. पण गोठ्यात उभं राहून तिच्याशी हसणं, थट्टा करणं, पंख्यावरून चिडवणं, ते सगळं त्या सकाळीच संपलं.

यातलं पुष्कळसं रग्नानंच माझ्या आजीला सांगितलं. आजोबा गेल्यानंतरचा उन्हाळा होता. दोघी म्हाताऱ्या आमच्या ओसरीत वाटाणे सोलत बसल्या होत्या आणि मी आत ओट्याशी होते. मग आजीनं विचारलं, "इतकी वर्षं एका घरात, आणि तो धड बोलत नाही. पश्चात्ताप नाही होत तुला? बोलून काय मिळालं?"

रग्नानं शेंग उघडली, दाणे परातीत पाडले.

"सकाळी जिन्यावर त्याची पावलं वाजतात," ती म्हणाली. "खालच्या खोलीत झोपते ना मी, डोक्यावरूनच जातात."

"तेवढंच?"

"तेवढ्यासाठीच तर बोलले होते."